तुमचंच रक्त, तुमच्याच हिरड्या

"डॉक्टर, हिरडीत माझंच रक्त भरणार म्हणतात. त्यानेच पायोरिया बरा होईल ना?" हल्ली हा प्रश्न बरेच पेशंट विचारतात. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

१८८२ मध्ये इटलीत ज्युलिओ बिझोझेरो यांनी रक्त गोठण्यातलं प्लेटलेट्सचं काम दाखवलं. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याचं हाड भरून यावं म्हणून प्लेटलेट्सचं जेल वापरलं. त्यासाठी रक्त आधी औषध घालून पातळ ठेवायचं आणि मग गाईचं थ्रॉम्बिन घालून गोठवायचं! २००१ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ शुकरून यांनी ही उठाठेवच टाळली. काहीही न मिसळता रक्त लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. तळाशी तांबड्या पेशी, वर पातळ द्रव आणि मध्ये फायब्रिनची जेलीसारखी गुठळी. हेच तुमचं पीआरएफ.

हेतू जखम भरण्याचा होता. जंतूंकडे लक्ष नंतर गेलं. या गुठळीत पांढऱ्या पेशी अडकतात, प्लेटलेट्समधून जंतूनाशक प्रथिनं सुटतात. हिरड्यांच्या आजारातला मुख्य जंतू पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस. प्रयोगशाळेतल्या बशीत त्याची वाढ पीआरएफमुळे रोखली गेलेली दिसते.

पण तुमच्या तोंडात तो एकटा नसतो. इतर जंतूंसोबत दाताच्या मुळावर चिकट थरात दडून बसतो. तो थर खरवडूनच काढावा लागतो, पीआरएफ त्यानंतर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दंतवैद्यांना आधी सांगा, परस्पर बंद करू नका.