दुभाषा, दैनंदिनी आणि डोंगर : नेफातील अधिकारी-प्रशिक्षण व त्याचे वाङ्मयीन पर्यवसान

१

मराठी मुद्रित गद्याच्या आरंभाचा विचार करताना प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याला वगळून पुढे जाता येत नाही. इ.स. १८०० मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकविण्याची व्यवस्था झाली. त्या गरजेतून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण (१८०५) आणि मराठी कोश (१८१०) श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडले. या कामी वैद्यनाथ पंडितांचे साहाय्य होते. रयतेचे म्हणणे अधिकाऱ्याला समजावे, हा मूळ हेतू प्रशासकीय होता. त्याचे फलित मात्र वाङ्मयीन ठरले. बंगाली आणि हिंदुस्थानी गद्याच्या बाबतीतही असेच घडले.

मैदानी प्रदेशातील भाषांना जे लाभले ते डोंगराळ आदिवासी मुलखातील भाषांना का लाभले नाही, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांसमोर क्वचितच मांडला जातो. नवख्या अधिकाऱ्यांना त्या मुलखातही पाठविले जात होते. त्यांनी तेथे पायपीट केली, टिपणे काढली, अहवाल आणि ग्रंथही लिहिले. तरीही त्या भाषांतील गद्य त्यातून उभे राहिले नाही. या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी ईशान्य सीमांत प्रदेश, म्हणजे ‘नेफा’ (आजचा अरुणाचल प्रदेश), हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. अधिकाऱ्याने डोंगरातील माणसाकडून शिकले पाहिजे, हे तत्त्व तेथे स्वतंत्र भारतात जाणीवपूर्वक स्वीकारले गेले होते. आणि पुढील पिढीत याच मुलखातून प्रशासनाशी निगडित असे महत्त्वाचे लेखकही पुढे आले.

२

ब्रिटिश अमदानीत हा मुलूख ‘अंतर्रेषे’पलीकडचा होता. १८७३च्या बंगाल पूर्व सीमा विनियमाने आखलेली ही रेषा परवान्यावाचून ओलांडता येत नसे. रेषेपलीकडे नियमित प्रशासन नव्हते. अधूनमधून जाणारे दौरे आणि प्रसंगी लष्करी मोहिमा, एवढेच शासनाचे रूप होते. सदिया येथील साहाय्यक राजकीय अधिकारी जे. एफ. नीडहॅम यांनी १८८६ मध्ये मिरी भाषेच्या व्याकरणाची रूपरेषा प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिशनरी जे. एच. लोरेन यांनी अबोर-मिरी भाषेचा कोश सिद्ध केला. साधने तयार होती. परंतु त्यांचा उपयोग करणारे महाविद्यालय, छापखाना आणि पंडितवर्ग डोंगरात नव्हता. कॅरींच्या शेजारी वैद्यनाथ पंडित बसले होते. नीडहॅम यांच्या शेजारी जो माणूस होता, तो दुभाषा होता.

या दुभाष्याला असमियात ‘कटकी’ म्हणतात. आहोम राजवटीत दरबार आणि डोंगरी जमाती यांच्यामध्ये ये-जा करणारा दूत तो कटकी. ब्रिटिशांनी ही संस्था उचलली आणि स्वतंत्र भारताच्या प्रशासनानेही ती पुढे चालविली. गावातील तंटा अधिकाऱ्यापर्यंत पोहोचे तो कटकीच्या तोंडून, आणि अधिकाऱ्याचा निवाडा गावाला कळे तोही त्याच्याच तोंडून. दोन्ही बाजूंचे शब्द ज्याच्याजवळ होते त्याचे नाव मात्र ग्रंथांच्या मुखपृष्ठावर कधी आले नाही. भाषांतराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या अनामिक मध्यस्थाची दखल घेणे आवश्यक आहे.

दुभाष्यावरच्या या अवलंबनाचे परिणाम नावांतही दिसतात. ‘अबोर’ हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नव्हते. बेबंद, कोणाच्या ताब्यात नसलेला, असा त्याचा मैदानातील अर्थ. ते लोक स्वतःला आदी म्हणत. त्याचप्रमाणे ‘दफला’ हे नाव मागे पडून न्यिशी हे नाव अनुसूचित जमातींच्या यादीत अधिकृतपणे यावयास २००८ साल उजाडावे लागले.

३

१९५० नंतर तिबेटमधील घडामोडींमुळे या सीमेवर नियमित प्रशासन पोहोचविणे केंद्र सरकारला निकडीचे वाटू लागले. १९५३ मध्ये सुबनसिरी भागातील अचिंगमोरी येथे तागिन लोकांनी एका सरकारी तुकडीवर हल्ला केला आणि तीत मोठी प्राणहानी झाली. सूडाची मोहीम न काढता संयम राखण्याचे धोरण पंतप्रधान नेहरूंनी स्वीकारले. या पार्श्वभूमीवर भारतीय सीमांत प्रशासन सेवा ही स्वतंत्र सेवा उभी राहिली. लष्कर, पोलीस आणि इतर सेवांतील माणसे तीत निवडली गेली. १९५४च्या विनियमाने कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित, तिराप व त्वेनसांग असे विभाग पाडण्यात आले. प्रदेशाचा कारभार त्या काळी परराष्ट्र मंत्रालयाकडे होता, ही बाबही लक्षणीय आहे.

या नव्या अधिकाऱ्यांना काय शिकवावयाचे, हा प्रश्न वेरियर एल्विन यांच्यापुढे आला. १९५४ मध्ये ते आदिवासी विषयांचे सल्लागार म्हणून शिलाँगला आले. त्यांचा मराठी जगाशी असलेला संबंध येथे नोंदवावयास हवा. १९२७ मध्ये ते भारतात आले ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात. तेथे भेटलेले शामराव हिवाळे हे त्यांचे आयुष्यभराचे सहकारी झाले. मध्य प्रांतातील गोंड-बैगांमध्ये दोघांनी मिळून काम केले, आणि हिवाळे यांनी स्वतः परधान जमातीवर १९४६ मध्ये ग्रंथ लिहिला. एल्विन यांच्या भूमिकेचे सर्वांत परखड टीकाकारही मुंबई विद्यापीठातील मराठी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हेच होते. आदिवासींना अलग ठेवण्याची कल्पना घुर्ये यांनी १९४३च्या आपल्या ग्रंथात खोडून काढली आणि आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत, असे प्रतिपादन केले. नेफात आलेले एल्विन अलगीकरणाचा पुरस्कार सोडून मध्यममार्गाकडे वळलेले होते. या बदलामागे अशा टीकेचाही वाटा होता, असे मानण्यास जागा आहे.

एल्विन यांचे ‘अ फिलॉसफी फॉर नेफा’ हे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९५९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ते वरकरणी धोरणग्रंथ असले तरी प्रत्यक्षात नवख्या अधिकाऱ्याचे पाठ्यपुस्तक आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नेहरूंनी पाच तत्त्वे मांडली. लोकांचा विकास त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीनुसार व्हावा. जमीन व जंगल यांवरील त्यांचे हक्क जपावेत. प्रशासनाची माणसे शक्यतो त्यांच्यातूनच तयार करावीत. प्रदेशावर प्रशासनाचा भार लादू नये. आणि यशाचे मोजमाप आकडे व खर्च यांवरून न करता घडलेल्या माणसावरून करावे. ही ती तत्त्वे होत. एल्विन यांनी त्यांना रोजच्या वागणुकीचे रूप दिले. अधिकाऱ्याने दीर्घ दौरे करावेत, गावात मुक्काम करावा, लोकांचे अन्न व पेय यांचा अनादर करू नये, स्थानिक वास्तुशैली व विणकाम यांचा मान राखावा आणि मुख्य म्हणजे भाषा शिकावी, हा त्या उपदेशाचा गाभा होता.

या प्रशिक्षणाचे लेखन-साधन म्हणजे दौऱ्याची दैनंदिनी. दिवसाचा पडाव, चढ-उतार, हमालांची संख्या, वाटेतील वेताचे पूल, गावातील घरे, मिटविलेले तंटे असा तिचा साचा असतो. हा साचा नागा टेकड्यांतील जे. एच. हटन व जे. पी. मिल्स यांच्या काळापासून रूढ होता. मिल्स यांचे ल्होता (१९२२) आणि आओ (१९२६) नागांवरील ग्रंथ अशाच फिरतीतून सिद्ध झाले. नेफात या परंपरेला संस्थेचे रूप मिळाले. तेथील संशोधन विभागाने जमातीनिहाय ग्रंथमाला काढली. शेरदुकपेन जमातीवरील आर. आर. पी. शर्मा यांचा ग्रंथ १९६१ मध्ये निघाला. स्वतः एल्विन यांनी प्रदेशातील पुराणकथांचे संकलन १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. डझनावारी भाषांच्या या प्रदेशात एकट्या संकलकाला त्या सर्व अवगत होणे अशक्य होते, त्यामुळे येथेही दुभाष्याचेच साहाय्य घ्यावे लागले. कथा आदी, मिश्मी वा शेरदुकपेन भाषेत सांगितली गेली, असमियात वा हिंदीत उलथली गेली आणि इंग्रजीत छापली गेली. भाषा शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या धोरणाचे ग्रंथही अशा तिहेरी प्रवासानंतरच सिद्ध झाले, हा विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे.

४

१९६२च्या युद्धाने हा प्रयोग मंदगतीने चालविण्याची मुभा संपविली. तवांग, बोमडिला आणि वालोंग ही नावे देशभर पोहोचली ती पराभवाच्या बातम्यांतून. रस्ते आणि लष्करी तळ यांना अग्रक्रम आला. १९६४ मध्ये एल्विन निवर्तले. १९६५ मध्ये प्रदेश गृहमंत्रालयाकडे गेला. सीमांत सेवा त्या दशकाच्या अखेरीस भारतीय प्रशासन सेवेत विलीन झाली. १९७२ मध्ये अरुणाचल प्रदेश हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९८७ मध्ये राज्य.

तथापि नेहरूंच्या पाच तत्त्वांपैकी तिसरे, म्हणजे प्रशासनाची माणसे लोकांतूनच तयार करण्याचे, याच काळात वेगळ्या रीतीने फळाला आले. १९५२ मध्ये शेरदुकपेन समाजात जन्मलेले येशे दोर्जे थोंगची हे पुढे प्रशासनात जिल्हाधिकारी झाले आणि असमियातील मान्यवर कादंबरीकारही झाले. ‘मौन ओंठ मुखर हृदय’ या कादंबरीस २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नेफातील रस्त्याच्या कामावर एकत्र आलेल्या दोन भिन्न जमातींतील तरुण-तरुणीची ही प्रेमकथा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. प्रशासकीय अहवालात ज्या रस्त्याची लांबी आणि खर्च यांची नोंद होते, तोच रस्ता येथे अबोल माणसांच्या भेटीची जागा होतो. ‘शेरदुकपेन’ हा ग्रंथ निघाला तेव्हा जो मुलगा त्याच्या विषयाचा भाग होता, त्यानेच पुढे अधिकाऱ्याची खुर्ची आणि लेखकाची लेखणी या दोन्ही हाती घेतल्या.

आदी समाजातील लुम्मेर दाई (१९४०–२००२) हे या वाटेवरचे पूर्वसूरी. वधूमूल्याच्या प्रथेवरील त्यांची ‘कन्यार मूल्य’ ही कादंबरी असमियातच आहे. पुढच्या पिढीतील मामांग दाई यांची भारतीय प्रशासन सेवेत निवड झाली होती. ती सेवा सोडून त्या पत्रकारितेकडे आणि लेखनाकडे वळल्या. त्यांची भाषा इंग्रजी. १९११ मध्ये कोमसिंग येथे नोएल विल्यमसन हा ब्रिटिश अधिकारी मारला गेला आणि त्यानंतर मोठी दंडात्मक मोहीम निघाली. सरकारी कागदपत्रांत ही घटना ‘अबोर मोहिमे’चे कारण म्हणून येते. दाई यांच्या ‘द लेजंड्स ऑफ पेन्साम’ (२००६) मध्ये तीच घटना गावाच्या आठवणीचा भाग होऊन येते. ‘द ब्लॅक हिल’ या कादंबरीस २०१७चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १८५४ मध्ये मारल्या गेलेल्या फ्रेंच पाद्र्याची कथा तीत मिश्मी बाजूनेही सांगितली जाते.

५

हा प्रवास ‘बाहेरच्या अधिकाऱ्याकडून आतल्या लेखकाकडे’ अशा सरळ रेषेत मांडण्याचा मोह होतो. ती मांडणी अपुरी आहे. दाई-द्वय आणि थोंगची हे ज्या भाषांतून लिहितात त्या त्यांच्या मातृभाषा नव्हेत. असमिया ही १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत तेथील शाळांची भाषा होती. नंतर ती जागा इंग्रजीने घेतली. लेखकाची भाषा शाळेने ठरविली आणि शाळेची भाषा प्रशासनाने. या अर्थाने हे लेखक एल्विन यांच्यापेक्षा त्या अनामिक कटकीचे अधिक जवळचे वारस ठरतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की कोणते म्हणणे पलीकडे न्यावयाचे याचा निर्णय आता ते स्वतः घेतात.

आजच्या प्रशिक्षणाकडे पाहिले असता मूळ अडचण कायम दिसते. १९५९ मध्ये मसुरीत सुरू झालेल्या अकादमीच्या अभ्यासक्रमात जिल्हा-प्रशिक्षण हा महत्त्वाचा टप्पा आहे आणि अधिकाऱ्याला आपल्या राज्याच्या भाषेची परीक्षा द्यावी लागते. पण राज्याची भाषा म्हणजे डोंगराची भाषा नव्हे. गडचिरोलीच्या भामरागडात मराठीत उत्तीर्ण झालेल्या अधिकाऱ्यालाही माडियासाठी दुभाषा लागतो. ओडिशाच्या कंधमाळात ओडिया येणाऱ्याला कुई येत नाही. महाराष्ट्रात सेवा केलेल्या उपमन्यू चटर्जी यांच्या ‘इंग्लिश, ऑगस्ट’ (१९८८) या कादंबरीतील प्रशिक्षणार्थी अगस्त्य सेनचे परकेपण पुष्कळदा महानगरी तरुणाची उदासीनता म्हणून वाचले गेले आहे. अखेरीस आदिवासी भागात गेल्यावर गाळ भरलेल्या विहिरीपाशी तो उभा राहतो, तेव्हा या परकेपणाला दुसरी बाजू असल्याचे जाणवते: ज्यांच्यासाठी त्याला पाठविले आहे त्यांचे ऐकण्याची कोणतीच तयारी त्याच्या शिक्षणाने करून घेतलेली नाही. याच्या शेजारी गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ठेवल्यास दुसरी शक्यता दिसते. १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात वारली वेठबिगारांमध्ये वावरणारी कार्यकर्ती फाइल घेऊन गेलेली नाही. लढ्यासाठी लोकांचे बोलणे समजून घेणे तिला भागच आहे.

फोर्ट विल्यममध्ये अधिकाऱ्याच्या गरजेतून मराठीला व्याकरण, कोश आणि छापील गद्य मिळाले, कारण शिकणारा आणि शिकविणारा यांच्यामध्ये भाषा हाच व्यवहाराचा विषय होता. नेफात सद्भाव मोठा होता, ग्रंथही चांगले झाले. पण भाषेचे काम दुभाष्यावर सोपविले गेले. गोंडी किंवा आदी या भाषांना आठव्या अनुसूचीत स्थान नाही. संथाळी व बोडो यांना ते २००३च्या घटनादुरुस्तीने मिळाले, आणि त्यांच्यामागे त्या भाषकांच्या स्वतःच्या चळवळी होत्या. तेव्हा दौऱ्याच्या दैनंदिन्या, जमातींवरील ग्रंथ आणि या कादंबऱ्या एकत्र वाचताना अभ्यासकाने प्रत्येक पानाला एक साधा प्रश्न विचारला पाहिजे: हे वाक्य प्रथम कोणत्या भाषेत उच्चारले गेले, आणि ते येथवर कोणी आणले? डोंगराळ मुलखाच्या वाङ्मयीन इतिहासाची सुरुवात लेखकांच्या यादीपासून न करता या प्रश्नापासून करणे अधिक न्याय्य ठरेल.