जालना, डिसेंबर 1902: उताराची फेरी

या पायगाडीला फ्रीव्हील नाही, एवढं आधी लक्षात घ्या. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि त्याबरोबर तुमचे पायही. मोती तलावाच्या पाळीवरून गावाकडे उतरताना हे विसरलात, तर लोखंडी पायडल नडगीवर बसेल. पुढच्या टायरवर रबराचा ठोकळा दाबणारा एकुलता एक ब्रेक आहे. त्याच्यावर फार विसंबू नका. धोतर उजव्या पायाशी सुतळीने बांधा, नाहीतर साखळीत जाईल.

डिसेंबर 1902. निजाम मीर महबूब अली खान यांचं राज्य, जिल्हा औरंगाबाद, तालुका जालना. जालन्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 मे 1981 उजाडावं लागेल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पाण्याच्या कडेकडेने सायकल हाकायची हौस असेल, तर जालनेकराला तलावाची पाळ, कुंडलिकेचा काठ आणि छावणीतल्या बागा यांवरच भागवावं लागतं. भागतं मात्र झकास.

पहाटेचा गारठा अजून हटलेला नाही. हँडलचं लोखंड बोटांना चावतंय. तलावावर धुण्याचे आपटे पडताहेत आणि त्यांचा आवाज पाण्यावरून जरा उशिरा येतो. तेवढ्यात पुढचं चाक जड होतं. बाभळीचा काटा.

"कामून उतरलात, मालक? घोडं दमलं का?" धुणं आपटणारा विचारतो.

"काटा रुतला."

"मग जोडा घाला की तिला. अनवाणी कामून हिंडवता?"

यावर तुमच्याकडे उत्तर नाही. टायर सोडवा, आतली नळी काढा, हवा भरा आणि तलावात बुडवा. बुडबुडे जिथून वर येतील तिथे ठिगळ. पोरं भोवती उकिडवी बसतात. त्यांनी पायगाडी पाहिलेली आहे, पण तिची आतडी पाहिलेली नाहीत.

आता उतरा. सूर्य समोर आहे, कारण तलाव गावाच्या पश्चिमेला अर्ध्या मैलावर. थोड्याच वेळात एक गंमत जाणवेल. तुम्ही पायडल मारत नाही, पायडलच तुमचे पाय मारतंय. घोड्यावरून किंवा छकड्यातून येणाऱ्याला हा उतार कळणारही नाही. डोळ्यांनाही तो फारसा दिसत नाही. कळतो तो पोटऱ्यांना.

जमशेदखानाला तो कळला होता. हा तलाव त्याने बांधवला आणि इथलं पाणी जमिनीखालच्या नळांतून गावातल्या घरांपर्यंत नेलं. मोट नाही, रहाट नाही, फक्त उतार. त्याचीच काळी मशीद पुढे लागते. मशिदीजवळ हमाम आणि सराई. सराईच्या चौकातला हौद या सगळ्या नळांवरचा सर्वांत मोठा. दूरवरून आलेल्या काफिल्याने उंटाचं ओझं उतरवावं आणि हौदाशी हात-पाय धुवावेत, अशी सोय. तुम्ही हौदाशी उभे आहात ते मात्र उशिराच. ती नळयोजना मोडकळीला आली आहे आणि बायका घागरी घेऊन विहिरीकडे चालल्या आहेत. छप्पनचा, म्हणजे संवत 1956 चा, दुष्काळ होऊन तीन वर्षंही झालेली नाहीत. विहिरीवर कुणी फार बोलत नाही.

मूर्तीवेशीतून जा. गावाचा तट बहुतेक ढासळला आहे. मूर्तीवेस आणि हैदराबाद दरवाजा तेवढे टिकून आहेत. वेशीत पायगाडी पाहून बैल बुजतात. उतरून बाजूला उभे राहा, कापसाच्या गाड्या आधी जाऊ द्या. त्या स्टेशनाकडे निघाल्या आहेत. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन नुकतीच आली आहे. मनमाडला गाडी बदलली की मुंबई, आणि गाडीवानांच्या बोलण्यात सध्या दुसरा विषय नाही.

पूर्वेला मस्तगड. पहिला निजाम असफजाह याला औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा मानवायची. त्याच्या सांगण्यावरून 1725 मध्ये काबीलखानाने हा किल्ला उभारला. बुरूज बघायला थांबू नका. बुरूज मराठवाड्यात काय कमी आहेत? आतली विहीर मात्र बघा. पोटात दालनं आणि सज्जे घेतलेली ती भली मोठी विहीर आहे. माझ्या मते गडाचा खरा बालेकिल्ला तोच.

कुंडलिका ओलांडली की कादराबाद. 1901 च्या शिरगणतीत जालना गाव वीस हजारांवर भरलं. गर्दीत घंटी वाजवत जा, पण उर्मटपणे नको. पेरू घ्या. पेरूवाली पैसा उलटून पाहील, कारण इथे निजामाचा हाली सिक्का चालतो आणि छावणीत कलदार. दोन्हींचा भाव वेगळा, आणि तो तिला सावकारापेक्षा जास्त पाठ आहे.

छावणीच्या रस्त्याला लागलात की चाकांचा आवाजच बदलतो. काळ्या मातीतल्या चाकोऱ्या संपल्या, खडीचा सरळ रस्ता सुरू झाला. दोन्हीकडे झाडं, मागे बंगले, घोड्यांच्या पागा. 1827 पासून हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेली, फौज इथे आहे. गावाबाहेरचं हे उपनगर म्हणा हवं तर. इथे पायगाडीकडे कुणी वळूनही पाहत नाही, साहेबांकडे असतातच. सार्वजनिक बाग मोठी आहे आणि इथली फळं हैदराबादला अन् मुंबईला जातात. पाटाच्या कडेने सायकल हातात धरून चाला. माळी वाफ्याची माती पायाने सारतो, पाणी पुढच्या वाफ्यात वळतं.

"साहेब लोक हायेत तवर बाग हाय," माळी म्हणतो. म्हणजे कायमच, असं त्याला म्हणायचं आहे.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, हीच अडचण. 1853 मध्ये या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. गेल्याच महिन्यात, 5 नोव्हेंबर 1902 ला, तेच वऱ्हाड सालाना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने गेलं. आता वेगळी फौज ठेवायचं कारण उरलं नाही. 1903 मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानच्या फौजेत मिसळून टाकतील आणि जालन्याची छावणी रिकामी होईल. दोन रिसाल्यांच्या नावात 'डेक्कन हॉर्स' राहील. जालन्याचं नाव कशातच नाही. करार कलकत्त्यात आणि हैदराबादेत ठरतात, आणि बागेला गिऱ्हाईक उरत नाही. माळ्याला हे सांगावंसं वाटेल. सांगू नका. पायगाडीवरून आलेल्या माणसाचं तो का ऐकेल?

अंगात दम असेल तर तसंच पुढे बेथेलपर्यंत जा. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी हे ख्रिस्ती गाव वसवलं. ब्राह्मण घरात जन्मलेले, मुंबईत ख्रिस्ती झालेले, 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेपर्यंत पोचलेले शेषाद्री. त्यांच्या गावात आले ते मुख्यतः मांग-महार समाजातले लोक. गावच्या विहिरीवर ज्यांना पोहरा टाकू देत नव्हते, त्यांचं स्वतःचं गाव. शेषाद्री वारले त्याला अकरा वर्षं झाली. आज सबंध सकाळ तुम्ही पाणी पाहत आलात. ते कुणाचं, हा प्रश्न इथे आल्याशिवाय पडत नाही, हे जरा लाजिरवाणंच.

परतीचा रस्ता चढाचा वाटेल. ऊन डोक्यावर, पाय भरून आलेले. उताराचा हिशेब संध्याकाळी द्यावाच लागतो.

पायगाडी ठेवा आणि आपल्या काळात या. 1930 च्या दशकात जालन्यासाठी घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचंही पाणी उतारानेच गावात यायचं. पुढे तो गाळाने भरत गेला आणि 2012-13 च्या दुष्काळात जालना टँकरच्या रांगेत उभं राहिलं. मग पैठणच्या जायकवाडीतून जलवाहिनी आली. ती आवश्यकच होती, पण ते पाणी पंपाने चढवावं लागतं आणि विजेचं बिल भरावं लागतं. त्याच सुमारास नागरिकांनी वर्गणी काढून घाणेवाडीचा गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला. जालन्यात पाण्यावर झालेल्या कामांत मला हे जमशेदखानाच्या तोडीचं वाटतं.

जालन्यात राहत असाल तर येत्या रविवारी सायकल काढा. आता फ्रीव्हील आहे. मोती तलावापासून काळ्या मशिदीपर्यंत पायडल न मारता किती जाता येतं ते मोजा, आणि पाऊस पडून गेल्यावर घाणेवाडीला जाऊन पुन्हा किती गाळ साठलाय तेही पाहून या.