परिचर्या-शिक्षण आणि सांस्कृतिक जाण : हुबळी-धारवाड

परक्या देशात, किंवा परदेशी सहाध्यायांबरोबर शिकताना परिचर्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णाची भाषा, श्रद्धा, आहार आणि घरची रीत यांविषयी येणारी समज. या विषयाला अभ्यासशाखेचे रूप दिले ते अमेरिकन परिचारिका मॅडलीन लायनिंजर (१९२५–२०१२) यांनी. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत न्यू गिनीतील गाडसुप लोकांत राहून त्यांनी अभ्यास केला. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती राम्सडेन यांनी पुढे प्रश्नच उलटा केला : सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे रुग्णाने ठरवायचे. तिथल्या परिचर्या परिषदेने हा विचार १९९२ मध्ये स्वीकारला.

हुबळी-धारवाडकडे परदेश आधी स्वतः चालत आला. बासेल मिशनने १८३७ मध्ये धारवाडला ठाणे केले. १९०२ मध्ये गदग-बेटगेरीत (तेव्हाचा धारवाड जिल्हा) निघालेल्या त्याच्या इस्पितळाला लोक आजही ‘जर्मन हॉस्पिटल’ म्हणतात. मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासूनचे. मिशनच्या माणसांना इथली भाषा शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. आज दोन-तीन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्यावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला तेवढी सवड नसते. दुभाष्यामार्फत वॉर्ड पाहून तो बरेचदा आपले जुने समज पक्के करूनच परततो.

खरी शाळा वॉर्डातच भरते. इथल्या परिचर्या महाविद्यालयांत केरळच्या मुली पूर्वीपासून येतात. रुग्ण कन्नड, दखनी उर्दू, मराठी, कोंकणी बोलणारे. शस्त्रक्रियेआधी अंगावरचे दागिने उतरवायचे, असे पुस्तक सांगते. पण लिंगायत आजीच्या गळ्यातले इष्टलिंग दागिना नव्हे. ‘काढा’ म्हटले की आजी तोंड फिरवते. जाणती सिस्टर आधी विचारते, मग शल्यचिकित्सकाशी बोलून ते शस्त्रक्रियेच्या जागेपासून दूर, दंडाला गॉजने बांधते. मंगळसूत्राचेही तसेच. बाळंतिणीचे कान बांधणे, शेक-शेगडी यांतले निरुपद्रवी काय आणि थांबवायचे काय (कोंडलेल्या खोलीतला धूर, उदाहरणार्थ), हा विवेकही इथेच येतो.

परदेशी गेल्यावर मात्र आपलीच सवय परकी दिसू लागते. आपल्याकडे रुग्णाला भरवणे, पुसून काढणे, कूस बदलणे हे नातेवाइकांकडे किंवा आयाकडे असते. ब्रिटनमध्ये नातेवाईक ठरल्या वेळी भेटून जातात आणि हे काम परिचारिका व तिच्या मदतनिसाचे. रोगनिदान आधी मुलाला सांगायचे आणि वडिलांपासून लपवायचे, ही आपली माया तिथे रुग्णाच्या हक्कावर घाला ठरते.

या देवघेवीत समतोल नाही. श्रीमंत देशांचे विद्यार्थी शिकायला येतात. इथली मुलगी बहुधा पदवीनंतर, नोकरीसाठीच बाहेर पडते, त्यामुळे तिचे सांस्कृतिक शिक्षण कामावर रुजू होताना सुरू होते. परवान्याच्या अटी वेगळ्याच : ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, संगणकावरील चाचणी आणि प्रात्यक्षिक, अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवाना-परीक्षा, जर्मनीसाठी जर्मन भाषा. ब्रिटनच्या प्रात्यक्षिकात आपले नाव सांगणे, रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारावी हे विचारणे आणि हात लावण्याआधी संमती घेणे यांकडेही परीक्षकाचे लक्ष असते. हुबळीत ‘अज्जी’ म्हणत थेट नाडी धरणाऱ्या मुलीला सर्वांत जास्त सराव करावा लागतो तो याच पहिल्या अर्ध्या मिनिटाचा.