चंद्रावर माणूस गेला होता का हो?

दिवाळीत चाकूरला गेलो की काकांशी वाद ठरलेला. यंदा विषय चंद्र. "१९६९ ला कुणी गेलं नाही बघ, सगळं शूटिंग. अमेरिकेचं अमेरिकाच सांगणार!"

मुद्दा अगदीच चूक नव्हता. म्हटलं, मग अमेरिकेला साक्षीला बोलवायचंच नाही. त्याच आठवड्यात सोव्हिएत रशियाचं ल्यूना १५ चंद्राभोवती फिरत होतं. २१ जुलैला ते तिथेच आदळलं. खोटं असतं तर रशियानेच पहिली बोंब मारली असती. त्यांनी तर अभिनंदन केलं! पुढे २०२१ मध्ये आपल्या चांद्रयान-२ ने अपोलो ११ च्या जागेचा फोटो काढला. यानाचा खालचा भाग अजून तिथेच उभा आहे.

"इस्रो म्हणतंय? मग खरं असंल." काका एकदम गार. वर ऐकवलंच, "आपल्या चाकूरचे शिवराज पाटील अंतराळ खात्याचे राज्यमंत्री होते, ठाऊक आहे ना?" होते, १९८० च्या दशकात.

वाद जिंकलो, पण चुटपुट राहिली. 'त्यांचं म्हणून खोटं' सोडून काका 'आपलं म्हणून खरं' वर आले होते. एकमेकांशी न पटणाऱ्यांचं उत्तरही एकच निघालं, हा खरा पुरावा. असो, तो वाद पुढच्या दिवाळीला.