बॉयकॉट : एका कारभाऱ्याचे आडनाव

परीक्षेवर बॉयकॉट, सभेवर बॉयकॉट, परदेशी मालावर बॉयकॉट! हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की ते कुणा माणसाचे आडनाव असेल असे मनातही येत नाही. पण चार्ल्स बॉयकॉट नावाचे गृहस्थ खरोखरच होऊन गेले.

गोष्ट आहे १८८० सालच्या आयर्लंडमधली. देश ब्रिटिश अमलाखाली, जमीन बड्या जमीनदारांची आणि कसणारी कुळे गरीब. मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभार कॅप्टन बॉयकॉट पाहत. आदल्या वर्षी पीक बुडाले होते. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. मालक १० टक्क्यांच्या पुढे जाईना. बॉयकॉट यांनी कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच सप्टेंबरात आयरिश नेते पार्नेल यांनी एनिस येथील सभेत एक मार्ग सुचवला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याला गोळी घालू नका. त्याच्याशी सगळे संबंध तोडा. मेयोतील लोकांनी हाच उपाय कारभाऱ्यावर केला. गडी काम सोडून गेले. लोहार, धोबीण, दुकानदार कुणीच त्यांच्या कामाला येईना. शेवटी पीक काढायला बाहेरून ५० माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी शेकडो शिपाई. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला. डिसेंबरात बॉयकॉट आयर्लंड सोडून गेले.

या प्रकाराला म्हणायचे काय? जुना भारदस्त इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी साहेबाचेच नाव सुचवले, असे अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी लिहून ठेवले आहे. काही वर्षांतच ते फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांत शिरले.

आपल्याकडे १९०५च्या वंगभंगानंतर हे हत्यार गाजले. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या बरोबरीने 'बहिष्कार' आला. पण मराठीत हा शब्द कोरा नव्हता. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे, पाणी आणि रोटीबेटी तोडणे, यालाही आपण बहिष्कारच म्हणत आलो. म्हणून १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढले, त्याचे नाव होते 'बहिष्कृत भारत'.

एकाच शब्दाच्या या दोन बाजू. मेयोत दुबळ्यांनी बलवानाकडे पाठ फिरवली. आपल्या गावांत बहुधा बलवानांनी दुबळ्यांकडे. या दुसऱ्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. तेव्हा बहिष्काराची हाक कानी आली, की एवढे जरूर विचारावे : तो कोण घालतो आहे आणि कुणावर?