शालागृह-बांधकामाचे व्यवस्थापन, अमेरिकेतील

सार्वजनिक शालागृह उभारताना खर्चाचा अंदाज, कंत्राटांची विभागणी, कामांचा क्रम आणि त्यांवरील देखरेख या गोष्टी शाला-मंडळाच्या वतीने पाहणाऱ्या तज्ञास वा व्यावसायिक संस्थेस ‘बांधकाम व्यवस्थापक’ म्हणतात. इमारतीचे आराखडे करणारा वास्तुविद (वास्तुशिल्पज्ञ) व प्रत्यक्ष बांधणारा कंत्राटदार या दोघांहून त्याचे स्थान निराळे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) ही पद्धत १९६० नंतर आकारास आली व १९७० नंतर शालागृहांच्या क्षेत्रात रुजली. बांधकामाचे ज्ञान नसलेल्या मालकाच्या वतीने ते ज्ञान कोणी वापरावे आणि चुकल्यास जाब कोणी द्यावा, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

तेथील सार्वजनिक शाळा स्थानिक ‘शिक्षण-जिल्ह्यां’च्या मालकीच्या असतात. हा जिल्हा म्हणजे आपल्याकडील महसुली जिल्हा नव्हे. एखादे शहर, उपनगर किंवा काही खेडी एवढाच त्याचा विस्तार असतो. १९३१-३२ मध्ये असे सु. १,२७,५०० जिल्हे होते. एकत्रीकरणानंतर १९७०-७१ मध्ये ते सु. १८,००० उरले. कारभार बहुधा निवडून आलेल्या शाला-मंडळाकडे असतो आणि इमारतीसाठी कर्जरोखे काढावयाचे तर पुष्कळ ठिकाणी मतदारांची संमती घ्यावी लागते. शेतकरी, दुकानदार, वकील, गृहिणी अशा सभासदांच्या मंडळास नवी इमारत बांधण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्यामुळे एका बांधकामाचा अनुभव दुसऱ्याच्या वेळी हाताशी नसतो.

या उणिवेची सर्वांत भीषण किंमत टेक्सस राज्यातील न्यू लंडन येथे मोजावी लागली. तेलाच्या उत्पन्नामुळे हा जिल्हा संपन्न होता. तरीही तेथील मंडळाने वास्तुविदाने सुचविलेली मध्यवर्ती बाष्पतापन योजना बाजूस सारून खोल्याखोल्यांतून वायूच्या शेगड्या बसविल्या आणि १९३७ च्या आरंभी इंधनाचा खर्च वाचविण्यासाठी तेलक्षेत्रातील गंधहीन टाकाऊ वायू शाळेत आणला. १८ मार्च १९३७ रोजी तळघरात साठलेल्या वायूचा स्फोट होऊन सु. ३०० मुले व शिक्षक मरण पावले. त्यानंतर टेक्ससमध्ये वायूस गंध देणे सक्तीचे झाले आणि अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदाही त्याच वर्षी झाला. वास्तुविदाचा सल्ला मंडळाने डावलला, तर त्याला थांबविणारे दुसरे कोणी नव्हते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सार्वजनिक कामांच्या कायद्यांनी ही अडचण वेगळ्या बाजूने वाढविली. न्यूनतम दराच्या पात्र निविदेस काम द्यावे, हा सर्वसाधारण नियम होताच. त्याशिवाय न्यूयॉर्क (विक्स कायदा, १९१२), पेनसिल्व्हेनिया (१९१३), ओहायओ इ. राज्यांत स्थापत्य, नळकाम, तापन व वीज यांची कंत्राटे स्वतंत्रपणे देण्याची सक्ती होती. मुख्य कंत्राटदाराने काम मिळाल्यावर पोटकंत्राटदारांची पिळवणूक करू नये व लहान व्यावसायिकांनाही थेट निविदा भरता यावी, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु चार कंत्राटदारांपैकी कोणाचाही दुसऱ्यावर अधिकार चालत नसे. नळवाल्याची वाट पाहत भिंत थांबली, भिंतीसाठी वीजवाला थांबला, की प्रत्येक जण नुकसानभरपाईचा दावा मालकावर म्हणजे शाला-मंडळावर लावी. कामांचा मेळ घालण्याची जबाबदारी अशा रीतीने त्या कामी सर्वांत कमी समर्थ असलेल्या पक्षाकडे आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली आणि शालागृहांची मागणी भागेनाशी झाली. फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एज्युकेशनल फॅसिलिटीज लॅबोरेटरीज’ या संस्थेने या प्रश्नाकडे लक्ष दिले. तिच्या अनुदानातून कॅलिफोर्नियातील तेरा शिक्षण-जिल्ह्यांनी १९६१ मध्ये एक संयुक्त योजना हाती घेतली. तिचे प्रमुख वास्तुविद एझ्रा एरेनक्रान्ट्झ यांनी इंग्लंडमधील हार्टफर्डशर परगण्याच्या पूर्वरचित शाळांचा अभ्यास केला होता. सांगाडा, छत व दिवे, वातानुकूलन, हलविता येणाऱ्या भिंती यांच्यासाठी तयार आकृत्या न देता, त्यांनी कोणते कार्य करावे एवढेच सांगून उत्पादकांकडून निविदा मागविण्यात आल्या. बांधणाऱ्याचे ज्ञान आराखडे पुरे होण्यापूर्वीच उपयोगी पडते आणि ते मिळविण्याचे मार्ग सार्वजनिक निविदेच्या चौकटीतही काढता येतात, हे या प्रयोगाने दाखविले. पुढे १९७० नंतरच्या महागाईत काम लांबले की अंदाजपत्रक कोलमडू लागले; तेव्हा आराखडे पूर्ण होण्यापूर्वीच पाया व सांगाड्याचे काम सुरू करण्याची निकड भासली. मोठ्या खाजगी इमारतींवर रुळलेल्या बांधकाम व्यवस्थापनाचा शाला-मंडळांनी स्वीकार केला तो या परिस्थितीत. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली.

या पद्धतीचे दोन प्रकार आहेत व त्यांतील भेद केवळ तांत्रिक नाही. पहिल्यात व्यवस्थापक हा सल्लागार असतो. त्यास ठराविक शुल्क मिळते, सर्व कंत्राटे मंडळाच्याच नावे होतात आणि खर्च वाढल्यास तोही मंडळाच्याच माथी येतो. दुसऱ्यात व्यवस्थापक आराखड्यांच्या काळात सल्ला देतो व पुढे कमाल किमतीची हमी देऊन पोटकंत्राटे स्वतःच्या नावे करतो; ठरलेल्या कामाचा खर्च हमीपलीकडे गेल्यास तोटा त्याचा. दुसऱ्या प्रकारात मंडळास खर्चाबाबत निश्चिंतता लाभते खरी. पण किंमत ठरण्याच्या क्षणी आतापर्यंतचा सल्लागार समोरच्या बाजूस जाऊन बसतो. हमीची रक्कम रास्त आहे किंवा नाही, हे त्या वेळी मंडळास कोण सांगणार, असा प्रश्न मग उरतो.

स्वतंत्र कंत्राटांची सक्ती असलेल्या राज्यांत पहिला प्रकार स्वाभाविकपणे रुळला. ओहायओच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘डीरोल्फ विरुद्ध राज्य’ या खटल्यात १९९७ मध्ये शाळांची अर्थव्यवस्था घटनाविरोधी ठरविली. निकालपत्रात वर्णिलेल्या डॉसन-ब्रायंट येथील शाळांत कोळशाच्या भट्टीची धूळ रात्रभरात बाकांवर साचत असे आणि वाद्यवृंदातील मुले कोळशाच्या जुन्या कोठारात सराव करीत. त्याच वर्षी राज्याने शाळा-सुविधा आयोग नेमला व पुनर्बांधणीच्या प्रकल्पांवर बांधकाम व्यवस्थापक नेमण्याची पद्धत पाडली. कमाल किमतीची हमी देणाऱ्या व्यवस्थापकास तेथे कायद्याने मुभा मिळाली ती मात्र २०११ मध्ये. न्यूयॉर्क शहराने निराळा मार्ग धरला : १९८८ मध्ये स्वतंत्र शाळा-बांधकाम प्राधिकरण स्थापून त्यास विक्स कायद्यातून सूट देण्यात आली.

न्यू जर्सीचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे. ‘ॲबट विरुद्ध बर्क’ खटल्यातील आदेशांनुसार त्या राज्याने २००० मध्ये ८६० कोटी डॉलरांचा शालागृह-कार्यक्रम मंजूर केला; त्यांपैकी ६०० कोटी डॉलर गरीब नागरी जिल्ह्यांसाठी होते. २००२ मध्ये शाळा-बांधकाम महामंडळ स्थापन झाले आणि प्रकल्पांचे व्यवस्थापन मोठ्या प्रमाणावर खाजगी संस्थांकडे देण्यात आले. राज्याच्या महानिरीक्षक मेरी जेन कूपर यांनी एप्रिल २००५ मध्ये सादर केलेल्या अहवालात महामंडळाचा कारभार गैरव्यवस्था व उधळपट्टी यांस वाव देणारा असल्याचे म्हटले. व्यवस्थापन-संस्था कंत्राटदारांवर देखरेख ठेवीत होत्या, पण त्या संस्थांवर देखरेख ठेवण्याची महामंडळाची स्वतःची यंत्रणाच तोकडी होती. निधी संपत आल्यावर शेकडो नियोजित प्रकल्प थांबले. काही ठिकाणी तर शाळेसाठी कुटुंबे हलवून घरे पाडण्यात आली होती, आणि त्या जागा वर्षानुवर्षे मोकळ्या पडून राहिल्या. ज्या मुलांसाठी न्यायालयाने हे आदेश दिले, त्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण जुन्याच इमारतींत संपले. २००७ मध्ये महामंडळ बरखास्त होऊन त्याच्या जागी नवे प्राधिकरण आले.

कॅलिफोर्नियात हितसंबंधांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. फ्रेझ्नो जिल्ह्यातील एका शाळेच्या नियोजनात सल्ला देणाऱ्या संस्थेसच पुढे बांधकामाचे कंत्राट मिळाले होते; अशा सल्लागारासही लोकसेवकांचे हितसंबंधविषयक निर्बंध लागू होऊ शकतात, असे अपील न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले. त्या राज्यात सुरक्षिततेची तपासणी मात्र व्यवस्थापकावर सोपविलेली नाही. १० मार्च १९३३ रोजी लाँग बीच येथे झालेल्या भूकंपात सु. ७० शालागृहे उद्ध्वस्त झाली. शाळा सुटून गेल्या होत्या, म्हणूनच मोठी प्राणहानी टळली. त्यानंतर महिनाभरात झालेल्या फील्ड कायद्यानुसार आराखडे राज्याच्या वास्तुविद-विभागाकडून मंजूर करून घ्यावे लागतात आणि कामावर कंत्राटदाराशी संबंध नसलेला निरीक्षक सतत हजर असावा लागतो.

मॅसॅचूसेट्समध्ये १९७८–८० या काळात वॉर्ड आयोगाने सार्वजनिक इमारतींच्या कंत्राटांतील व्यापक भ्रष्टाचार उघडकीस आणला व त्यातून महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले. तेथील २००४ च्या कायद्याने हमी देणाऱ्या व्यवस्थापकाची पद्धत ५० लाख डॉलर व त्यावरील कामांसाठी खुली केली, पण तीसाठी महानिरीक्षकाची अनुमती आवश्यक ठेवली. शिवाय १५ लाख डॉलर व त्यावरील प्रत्येक इमारतीसाठी मालकाचा स्वतःचा प्रकल्प-व्यवस्थापक असणे सक्तीचे केले. वास्तुविद, कंत्राटदार व पोटकंत्राटदार यांच्याशी त्याचा कोणताही संबंध असता कामा नये. आवश्यक पात्रतेचा अधिकारी मंडळाच्या सेवेत असल्यास त्याच्याकडेच हे काम देता येते.