दादासाहेब फाळके : छापखान्यातून पडद्याकडे

आमच्या हिंजवडीत शेतांच्या जागी आज संगणकाच्या मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत. अशा गावी चित्रकलेकडे ओढा असलेल्या मुलाला घरची मंडळी हटकून विचारतात, “सारे काही यंत्र करते, मग हाताने रेघोट्या ओढून काय मिळणार?” ह्या प्रश्नाचे उत्तर आपणांस आपल्या शेजारच्या मावळातच सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईहून मळवलीस आला. लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे तेथून घरोघर पोहोचली. त्या छापखान्याचे काम करून देणारा स्वतःचा छापखाना लोणावळ्यास काढला तो धुंडिराज गोविंद फाळके यांनी. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला. फोटोग्राफी, ठसे तयार करणे, जादूचे प्रयोग, सर्व त्याने करून पाहिले. आपल्या नावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने तो जादूही दाखवीत असे. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीला गेले.

रंगीत छपाईत एकाच कागदावर निरनिराळे रंग एकामागून एक उमटवावे लागतात. एक ठसा केसभर सरकला तरी देवीचा चेहरा विद्रूप होतो. आता चित्रपटातला चमत्कार पाहा. तीच फिल्म मागे गुंडाळायची आणि तिच्यावर दुसरे दृश्य पुन्हा टिपायचे. किंवा कॅमेरा थांबवून पात्र हलवायचे आणि हँडल पुन्हा फिरवायचे. येथेही सगळा खेळ जागच्या जागी नेमके बसविण्याचा. आमच्या मते, फाळक्यांच्या हाताला ही नेमकेपणाची सवय छापखान्यानेच लावली.

१९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व ठराविक वेळाने त्याचे एकेक चित्र घेतले. पडद्यावर अंकुर क्षणात वाढलेला दिसला, आणि भांडवल देणारा माणूस मिळाला. सरस्वतीबाईंनी आपले दागिने गहाण ठेवू दिले. रात्री जागून फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यातला रोहिदास म्हणजे त्यांचाच मुलगा भालचंद्र. १९१७ साली ‘लंकादहन’ आले, तर १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली.

कोणी म्हणेल, भाविकांच्या भोळेपणावर हा धंदा चालला. आम्हांस ते पटत नाही. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी मंदाकिनी साध्या मुलीच्या रूपात चेहऱ्यावरचे नाना भाव करून दाखविते, आणि मग कृष्ण बनून येते. चित्रपट कसे तयार होतात हे सांगणारा एक लघुपटही फाळक्यांनी काढला. भोळ्यांना फसविणारा माणूस आपली युक्ती अशी उघडी करीत नाही. ही मुलगी आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक हात जोडीत, कारण कलाकुसर आणि भक्ती यांत त्यांना विरोध वाटत नसे. आपल्या सोंगी भजनाची रीत तरी याहून निराळी कोठे आहे?

पुढे बोलपट आला. फाळक्यांनी १९३७ साली ‘गंगावतरण’ काढले. तोच त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते निवर्तले. त्यांच्या सुमारे ९५ चित्रपटांपैकी फारच थोडे उरले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, १९६४ साली स्थापन झाल्यावर, त्यांचे उरलेसुरले भाग जतन केले.

त्यांचा हँडलचा कॅमेरा आज कोणी वापरीत नाही आणि शिळाछापही मागे पडला. पण सावली कोठे पडावी, नजर कोठे ठरावी, हे त्यांनी कागदावर शिकले होते आणि ते शिक्षण प्रत्येक नव्या यंत्रावर त्यांच्या उपयोगी पडले. तेव्हा घरातल्या मुलाने रंगपेटी मागितली, तर ती आनंदाने आणून द्यावी. संगणक तो पुढे शिकेलच.